चार बोटांचा प्रश्न

उदगीरच्या चंद्रप्पा हुडगे सरांनी आयुष्यात कधी व्यायाम केला नव्हता आणि त्याबद्दल त्यांना कधी खंतही वाटली नव्हती. सत्तावीस वर्षं ते शाळेत भूगोल शिकवत होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, शिवाय सूर्याभोवती फिरते; एका विषयात एवढं फिरणं असल्यावर मास्तरनं आणखी कशाला फिरायचं, असं त्यांचं साधं मत होतं. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्यांचं पोट हा साऱ्या गल्लीचा प्रश्न झाला, तेव्हा सगळ्यांत जास्त धक्का त्यांनाच बसला.

झालं असं की गल्लीतल्या महादेवाच्या देवळाची एक काठी आहे. काठी आपली म्हणायला. प्रत्यक्षात तो वीस फुटी बांबू आहे, त्याच्या टोकाला पितळी कळस, खाली मोरपिसांचा झुपका, घुंगरं आणि नवसाच्या खणांची गर्दी. बसव जयंतीला ही काठी देवळापासून जुन्या बारवेपर्यंत मिरवत न्यायची आणि बारवेच्या पाण्यानं तिचं बूड धुवायचं. नेणारा एकच माणूस. त्याच्या कमरेला नवारीचा जाड पट्टा, पट्ट्याला पुढून पितळी वाटी, वाटीत काठीचं बूड, आणि चारशे पावलं चालणं. दुसऱ्या कुणाचा हात काठीला लागायचा नाही. काठी जमिनीला टेकली किंवा नेणाऱ्याला पट्टा बसला नाही, तर मान शेजारच्या घरात जातो. हुडग्यांच्या घरातून तो तीन पिढ्यांत गेलेला नव्हता.

गेली एकतीस वर्षं काठी सरांच्या काकांनी, माणिकप्पांनी नेली होती. यंदा त्यांचे गुडघे बोलायला लागले. काकांना मूलबाळ नव्हतं, पुतण्या एकच. त्या सोमवारी त्यांनी सरांना ओसरीवर बोलावलं, ट्रंकेतून पट्टा काढला आणि कमरेभोवती घातला. पट्ट्याचं बक्कल मागच्या बाजूला असतं आणि बांधणाऱ्यानंच ते लावायचं असतं. काकांनी ओढलं. मग गुडघा सरांच्या पाठीला लावून ओढलं. सरांचे डोळे बाहेर आले, पण बक्कलाची जीभ भोकापर्यंत आली नाही.

"महानंदा, बग बरं किती कमी पडून राहिलंय," काका म्हणाले.

सरांच्या बायकोनं, महानंदानं, मधल्या जागेत आपली बोटं आडवी ठेवून पाहिली. "चार बोटं," ती म्हणाली. तिनं खरं तर अंगठाही थोडा लावला होता, पण नवऱ्याची लाज राखली.

"नवं भोक पाडू या की, काका," सर म्हणाले. भूगोल शिकवणारा माणूस, नकाशात बसत नसेल तर प्रमाण बदलायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

"त्वा भोक पाडायचं न्हाई," काका म्हणाले. "आज्यापासून पट्टा चालत आलाय. बसव जयंतीला अजून तीन महिने हायत. बसला पायजे." एवढं बोलून त्यांनी पट्टा परत ट्रंकेत ठेवला.

शेजारचं घर म्हणजे वीरण्णाचं. वीरण्णाचं तेलाचं दुकान, वय पन्नास आणि पोट सपाट. तेल विकणाऱ्यानं स्वतः तेल खाऊ नये, या तत्त्वावर त्यानं ते सपाट ठेवलं होतं. मान गेला तर त्याच्याकडे जाणार होता. वीरण्णाच्या मनात तसं काही नव्हतं, ते तो स्वतःच सगळ्यांना थांबवून थांबवून सांगत होता. पण त्याच आठवड्यात त्यानं ठेवणीतलं धोतर इस्त्रीला टाकलं, हे गल्लीनं पाहिलं.

आता चार बोटं कमी करायची कुठं, यावर गल्लीत दोन पक्ष पडले. वीरण्णा जिमच्या पक्षाचा. "सर, जिमबिगर इलाज न्हाई. मशीनवर टाकलं की माणूस सुतासारखा सरळ होतो," असं तो म्हणे. समोरच्या नीलाबाई घरच्या पक्षाच्या. त्या सत्तरीच्या. "पैशे देऊन घाम कोण गाळतंय बाबा? घरी जातं हाय, उखळ हाय, ते काय मेलं का?" त्यांचं जातं पंचवीस वर्षांपूर्वीच चटणीच्या बरणीखालचं बैठं झालं होतं, ते वेगळं. सरांनी दोन्ही बाजू ऐकून घरचा पक्ष धरला. कारण उघड होतं. जिममध्ये त्यांचे माजी विद्यार्थी जात. ज्या पोरांना आपण बाकावर उभं केलं, त्यांच्यासमोर चड्डी घालून वाकणं सरांच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं. पट्ट्यापेक्षा ही प्रतिष्ठा आणखी घट्ट होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी बैठकीत चटई टाकून सूर्यनमस्काराला सुरुवात केली. पहिला नमस्कार बरा झाला. दुसऱ्यात ते खाली गेले आणि तिथं जरा विचार करत थांबले. चौथ्यानंतर त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले आणि ते त्यांनी कौतुकानं महानंदाला दाखवले.

महानंदाचा चेहरा उतरला. "अहो, तुमाला घाम आला?"

"व्यायाम आहे तो. घाम येणारच."

"मग आंघोळ?"

इथं त्या वर्षीचं पाणी समजून घेतलं पाहिजे. नळ पंधरा दिवसांतून एकदा यायचा, आला तर अर्धा तास, आणि तोही आधी पाच मिनिटं नुसता फुसफुसायचा. लातूरला रेल्वेनं पाणी आणणार अशी बोलणी चालली होती, आणि पुढं खरंच आणलं. अशा काळात महानंदानं घराचं पाणी तांब्यानं मोजून चालवलं होतं. सरांना आंघोळीला रोज अर्धी बादली. तीही घमेल्यात बसून. घमेल्यातलं पाणी फरशी पुसायला, फरशीचं पाणी अंगणातल्या बेलाला. हुडग्यांच्या घरात लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात चहा पडत नाही आणि आंघोळ झाल्याशिवाय लिंगपूजा होत नाही, त्यामुळे अर्धी बादली कुणाला चुकत नव्हती. पण घामट माणसाला अर्धी बादली पुरणार नाही, हे तिनं एका नजरेत ताडलं.

"व्यायाम करा," ती म्हणाली, "पण घाम येऊ देऊ नका."

सरांनी तसा प्रामाणिक प्रयत्न केला. आठ दिवस त्यांनी पंख्याखाली, अत्यंत सावकाश, घाम फुटायची चिन्हं दिसली की थांबून व्यायाम केला. सोमवारी महानंदानं काकांच्या ओसरीवर पट्टा लावून पाहिला. चार बोटं होती, ती चारच होती.

तेव्हा काकांनी सल्ला दिला. त्यांच्या मते पोट असं रिकामं कमी होत नसतं. काठी तोलायला लागलं की माणूस पोट आत घेतो, आणि आत घेतलेलं पोट हळूहळू तिथंच राहायला शिकतं. पण देवाची काठी सरावाला काढता येत नाही. मग वीस फुटी दुसरं काय आणायचं? वीरण्णाच्या परसात गेल्या वर्षीच्या बोअरचे पाईप पडले होते. सहाशे फूट खोदून धूळ निघाली होती, पाईप तेवढे राहिले होते. त्यातला एक वीरण्णानं मोठ्या मनानं दिला. "न्या सर. आपल्याला काय, मान तुमच्याकडंच राहावा," असं तो म्हणाला आणि पाईप तीनचाकीवर चढवायला हातही लावला.

शेजारच्या घरातून शेजारच्या घरात पाईप न्यायला तीनचाकी लागली, कारण मधल्या बोळातून वीस फूट वळत नव्हतं. त्यामुळे पाईप मुख्य रस्त्यानं, चौकाला वळसा घालून, देवळापुढून वाजत आला. दुष्काळाच्या वर्षी कुणाच्या दारात बोअरचा पाईप उतरतो, याचा अर्थ उदगीरला समजावून सांगावा लागत नाही. सरांच्या मात्र तो ध्यानात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गच्चीवर पाईप कमरेशी धरून, डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून पावलं मोजत होते. खालून लोकांना दिसलं ते असं, की हुडगे सर पाईप धरून पाण्याचा माग काढताहेत. मध्येच तोल गेला आणि पाईप एका जागी दाणकन आदळला. "लागलं!" खालून कुणीतरी ओरडलं. पाच मिनिटांत नीलाबाईंनी आपली तांब्याची घागर सरांच्या फाटकाशी आणून ठेवली.

"मास्तर, पहिला नंबर माझा. लेहून ठेव," त्या म्हणाल्या.

"नीलाबाई, बोअर नाही हो. व्यायाम करतोय मी."

"हाव हाव, व्यायामच हाय. म्या कुनाला सांगत न्हाई."

दुपारपर्यंत फाटकापासून देवळापर्यंत एक्केचाळीस घागरी, सात प्लास्टिकच्या टाक्या आणि एक स्वच्छ धुतलेला रंगाचा डबा लागला. सर जितकं नाही म्हणत, तितकी लोकांची खात्री पटे. थोडकं पाणी कुणी लपवत नाही. लपवतो म्हणजे भरपूर लागलं असणार. एकानं तर फाटकावरून हात जोडून विचारलं, "सर, गोड हाय का मचूळ, तेवढं तरी सांगा."

तिसऱ्या दिवशी कचेरीतून शेषेराव आले. शेषेराव म्हणजे टंचाईच्या कामावर नेमलेला माणूस, हातात जाड रजिस्टर, खिशात लाखेची कांडी. त्या उन्हाळ्यात विनापरवाना बोअर घ्यायला बंदी होती.

"बोअर कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"न्हाई, म्हंजे झाकलाय?"

"नाहीच आहे. हा पाईप व्यायामाचा आहे."

शेषेरावांनी वीस वर्षांच्या नोकरीत नाना कारणं ऐकली होती, पण हे नवीन होतं. त्यांनी ते आदरानं रजिस्टरात लिहून घेतलं. मग पाईप कुणाचा, असं विचारलं. सरांनी शेजारच्या दारात उभ्या असलेल्या वीरण्णाकडे पाहिलं. वीरण्णाच्या स्वतःच्या सहाशे फुटांनाही परवानगी नव्हती, हे त्याला नेमकं त्या क्षणी आठवलं. तो म्हणाला, "मी तर तेलवाला माणूस. मला पाइपातलं काय कळतंय?" आणि घरात जाऊन त्यानं आतून कडी लावली.

अखेर पंचनामा झाला. तीन-चार खोल्यांच्या घरात, संडासासह, कुठंही बोअर आढळला नाही. पण न आढळणं आणि नसणं यांत फरक असतो, असं शेषेरावांचं म्हणणं पडलं. "लातूरहून बोअर नसल्याचा दाखला आना. तवर पाईप जप्त." त्यांनी पाईप गच्चीवरच आडवा ठेवला, दोन्ही टोकांना कापड बांधून लाख लावली आणि बजावलं की हा हलवला तर गुन्हा. सरांचं घरचं व्यायामाचं साधन सरकारनं असं जागच्या जागी मोहोरबंद केलं.

सर रजा टाकून एसटीनं लातूरला गेले. एका कचेरीत दुपारी तीनपर्यंत बसल्यावर साहेबांनी अर्ज वाचला, उलटा करून वाचला आणि चष्मा काढला. "असलेल्या बोअरचा दाखला देतो आम्ही. नसलेल्याचा कसा द्यायचा? आणि तुम्ही उदगीरचे ना? उदगीर तर नवा जिल्हा होणार आहे. मग तुमची फाईल तिकडंच जाईल. आता दाखला घेऊन काय उपयोग?" नव्या जिल्ह्याची वाट उदगीर किती वर्षं पाहत होतं, हे सरांना तारखेनिशी माहीत होतं. नकाशा रंगवून घेताना दर वर्षी पोरं विचारत, सर, उदगीरला वेगळा रंग द्यायचा का? ते दर वर्षी म्हणत, पुढच्या वर्षी बघू. आता आपलं पोटही पुढच्या जिल्ह्यावर टाकलं जातंय, हे ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. परतीच्या गाडीत त्यांनी एक भेळ खाल्ली.

घरचा मार्ग बंद झाला, तेव्हा राहिलं जिम. सिद्धराम हा सरांचा माजी विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास. त्याच्या जिमच्या पाटीवर 'ता. व जि. उदगीर' असं ठळक लिहिलं होतं. पाटी पुन्हा रंगवायला नको म्हणून त्यानं जिल्हा आधीच करून टाकला होता. "या सर, या," म्हणत त्यानं सरांच्या पायाला हात लावला. सरांनी आत पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. जिममध्ये कुणीही व्यायाम करत नव्हतं.

सिद्धरामच्या बोअरला पाणी होतं, ही त्यातली गोम. जिमच्या मागं दोन न्हाणीघरं होती, त्यांत फवारा होता आणि मेंबराला तो फुकट होता. एका महिन्यात त्याचे मेंबर अकराचे एकशे दहा झाले होते. आडतवाले, वकील, एक निवृत्त स्टेशनमास्तर, सगळे पहाटे साबणाची डबी आणि कोरडं धोतर घेऊन येत आणि रांगेत बसत. डंबेल्सवर पंचे वाळत होते. पळायच्या मशीनवर लोक नुसते उभे राहत, कारण रांग तिथून सुरू व्हायची.

मेंबरांतले बरेचसे लिंगायत. त्यांची आंघोळ झाली की पूजा ओघानं आलीच. मग ओल्या अंगानं, कपाळाला भस्म लावून ते तिथल्याच बाकांवर ओळीनं बसत. जे बाक छातीवर वजन उचलायला होते, त्यांवर बारा माणसं डावा तळहात डोळ्यांसमोर धरून, त्यावरच्या इष्टलिंगाकडे पाहत निश्चल बसलेली असत. सिद्धराम त्या वेळी ढणढण गाणी बंद करी आणि स्वतःही चपला काढून उभा राही. पाऊण तास त्या जिममध्ये एवढी शांतता असे की वजनाला हात लावायचं धाडस कुणाला व्हायचं नाही. सरांना ते सारं मनापासून आवडलं. घरी आंघोळीला अर्धी बादली, इथं फवारा. तेही तेराव्या बाकावर बसू लागले.

महानंदाही खूश झाली. रोजची अर्धी बादली वाचू लागली. ती अभिमानानं सगळ्यांना सांगे, "आमचे हे जिमला जातेत." सर घरी येत ते ताजेतवाने, केस विंचरलेले. पूजा झालेली असल्यानं भूकही सणकून लागलेली असे, त्यामुळे चहाबरोबर सुशीलाचे, म्हणजे चुरमुऱ्यांच्या उपम्याचे, चार घासही जास्त जात. महिन्याभरानं, सोमवारी, काकांच्या ओसरीवर पट्टा लावला. महानंदानं बोटं ठेवली, काढली आणि पुन्हा ठेवली.

"किती?" सरांनी विचारलं.

"साडेचार," ती हळूच म्हणाली.

काकांनी पट्टा घडी करून ट्रंकेत ठेवला आणि ट्रंकेचं झाकण नेहमीपेक्षा सावकाश लावलं. सरांना त्या क्षणी प्रथमच भीती वाटली. मान जाईल ते एक वेळ सोसलं असतं. पण एकतीस वर्षं काठी नेलेला हा म्हातारा गर्दीत कडेला उभा राहून ती वीरण्णाच्या कमरेवर पाहील, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सिद्धरामच्या बोअरनं मान टाकली. फवाऱ्यातून आधी लाल माती, मग हवा आली. दुसऱ्या दिवशी जिममध्ये कुणी फिरकलं नाही. पंचे गेले, साबणाच्या डब्या गेल्या, वकील गेले. पहाटे साडेपाचला सर दारात उभे राहिले, तेव्हा सिद्धराम रिकाम्या जिममध्ये बाकावर डोकं धरून बसला होता.

"पाणी न्हाई, सर," तो न बघताच म्हणाला.

"मी पाण्यासाठी आलो नाही."

सिद्धरामनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्या दिवशी जिममध्ये तेवढंच होतं. "सर, दीड वरीस झालं जिम काढून. खऱ्या व्यायामाला आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुमीच." त्यानं उठून शटर पूर्ण वर केलं, आणि दोनदा नापास झाल्याचा सगळा राग विसरून, म्हणजे थोडा शिल्लक ठेवून, सरांना कामाला लावलं. त्यानं त्यांना जमिनीवर कोपर टेकून फळीसारखं आडवं धरायला लावलं. लोखंडी दांडा कमरेशी धरून फेऱ्या मारायला लावल्या. सर धापा टाकत थांबले की तो म्हणे, "सर, तुमीच म्हनायचात ना, बसलं की कळत न्हाई, उभं राहिलं की कळतंय? ऱ्हावा उभं." सरांनी आयुष्यात किती पोरांना बाकावर उभं केलं होतं, त्या सगळ्यांची व्याजासकट फेड त्या एप्रिलात झाली.

आता घाम बादल्यांनी येऊ लागला. पहिल्या दिवशी सर चोरासारखे मागच्या दारानं घरात आले. न्हाणीत घमेलं मांडलेलं होतं आणि शेजारी बादली होती. पूर्ण भरलेली.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"आणि तुझी?"

"मी उद्या करीन. तुमी बसा घमेल्यात, पूजा खोळंबून राहिलीय." ती चुलीकडं वळली. सर घमेल्यात बसले आणि पहिला तांब्या अंगावर घ्यायला त्यांचा हातच उचलेना. पुढं महिनाभर ती एक दिवसाआड आंघोळ करत राहिली आणि अंगणातला बेल मात्र कधी नव्हे तो हिरवागार झाला.

बोटं उतरू लागली. साडेचाराची साडेतीन झाली, मग अडीच, मग दीड. गल्लीत आकडा दर सोमवारी दुपारपर्यंत पोचलेला असे. बसव जयंतीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं माप झालं. सरांनी श्वास सोडला, पोट पाठीला लावलं, देवाचं नाव घेतलं.

"एक," महानंदा म्हणाली.

एका बोटावर सगळं अडलं होतं. सर त्या संध्याकाळी जेवलेच नाहीत. वीरण्णा धोतराच्या निऱ्या नीट आहेत का ते बघत दारात उभा होता, पण सरांशी नजर भिडताच तो म्हणाला, "सर, खरं सांगू? मला ती काठी लई जड वाटून राहिलीय." खोटं होतं, पण चांगल्या मनानं बोललेलं होतं.

जयंतीच्या सकाळी देवळापुढं सारी गल्ली जमली. हलगी वाजत होती. माणिकप्पा काका काठी टेकत, म्हणजे स्वतःची हातातली काठी टेकत, पट्टा घेऊन पायरी उतरले. सरांनी हात वर केले आणि डोळे मिटून घेतले. पट्टा कमरेभोवती आला. काकांनी मागून ओढला. गुडघा लावला नाही, नुसता ओढला. टक् असा आवाज झाला.

"बसला!" सिद्धराम गर्दीतून किंचाळला.

सरांनी डोळे उघडले. बसला होता. एका रात्रीत एक बोट! उपाशी झोपल्याचं फळ, असं त्यांना वाटलं, आणि देवाचीही कृपा. काठी वाटीत ठेवली गेली, घुंगरं वाजली आणि वीस फुटांचं ओझं त्यांच्या कमरेवर आलं. शंभर पावलं ते गल्लीतून एखाद्या नवरदेवाच्या तोऱ्यात चालले. दोनशे. तेलाच्या दुकानापाशी विजेच्या तारा खाली लोंबत होत्या, तिथं काठी किंचित कलली. कळस डावीकडे गेला, सर उजवीकडे गेले आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. काठी टेकली असती, तर मान जाणार तो तिथल्याच दारात. त्याच दारात वीरण्णा उभा होता. तोच ओरडला, "सर! गच्ची! पाईप आठवा, पाईप!"

सरांनी ओठ घट्ट दाबले, डोळे मिटले आणि गच्चीवरच्यासारखं पोट आत घेतलं. कळस सरळ झाला. उरलेली पावलं त्यांनी मोजलीच नाहीत.

बारव कोरडी ठणठणीत होती. तळाला नुसती भेगाळलेली माती. काठीचं बूड धुवायचं कशानं, म्हणून लोक एकमेकांकडे पाहू लागले. तेवढ्यात नीलाबाई गर्दी सारत पुढं आल्या. त्यांच्या काखेत तीच तांब्याची घागर, आणि तिच्यात तळाशी दोन तांबे पाणी होतं.

"मास्तर, तुझ्या बोअरच्या लाइनीत माझा पहिला नंबर हुता," त्या म्हणाल्या. "पानी तर त्वा दिलं न्हाईस. घे, मीच तुला देते." आणि त्यांनी काठीच्या बुडावर पाणी ओतलं. ते खालच्या परातीत धरून परत घागरीत घेतलं, हे सांगायला नकोच.

मग देवळाच्या ओट्यावर वाद रंगला. सिद्धराम म्हणत होता, हे जिमचं यश. नीलाबाई म्हणत होत्या, कसलं जिम, घरच्या भाकरीचं यश. वीरण्णाचं मत पडलं की पाइपाला विसरू नका, पण शेषेराव गर्दीत दिसताच त्यानं ते मत मागं घेतलं. सर बाजूला बसून पट्टा सोडत होते. बक्कल पुढं घेतलं आणि त्यांचा हात थबकला.

बक्कलाची जीभ ज्या भोकातून काढली, ते भोक नवं होतं. जुन्या भोकाच्या बरोबर एक बोट अलीकडे. त्याच्याभोवती निळ्या दोऱ्याचं बारीक, नेटकं काज घातलेलं होतं. तो दोरा महानंदाच्या शिवणाच्या डब्यातला होता. सरांनी पट्टा उन्हात धरून पाहिला. त्या नवारीवर आणखी तीन जागा होत्या, शिवून बंद केलेल्या. एक काळ्या दोऱ्यानं, एक पांढऱ्या, एक इतक्या जुन्या दोऱ्यानं की त्याचा रंगच कळत नव्हता.

"काका," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात, भोक पाडायचं नाही."

"त्वा पाडायचं न्हाई म्हनालो," काका म्हणाले. "घेणाऱ्यानं पाडायचं नसतं, चंद्रू. देणाऱ्यानं पाडायचं असतंय. ते पांढरं हाय ना, ते माझं. आमच्या अप्पानं पाडलेलं. मलाबी पहिल्या साली बसला नव्हता पट्टा. मग अंगाला बसला, तवा शिवून टाकलं."

"मग पहिल्याच दिवशी का नाही पाडलं? तीन महिने माझे..."

"चार बोटांचं कसं पाडणार? तेवढा पट्टाच उरला नव्हता," काका म्हणाले आणि दात नसलेल्या तोंडानं मनसोक्त हसले. हसता हसता त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. सरांनी महानंदाकडे पाहिलं. ती बायकांच्या घोळक्यात उभी राहून मुद्दाम कळसाकडं बघत होती.

इतक्यात सिद्धराम फोन सरसावत आला. त्याला पाटीखाली सरांचा पट्ट्यासकट फोटो लावायचा होता. "सर, लेहितो: तीन महिन्यांत चार बोटं कमी. लेहू का?"

सरांनी पट्ट्याची घडी केली. निळं काज त्यांनी आत घेतलं.

"तीन लिही," ते म्हणाले.

"तीन कामून, सर? चार होती की. सगळ्या गल्लीला ठाऊक हाय."

"चौथं जिममध्ये नाही उतरलं," सर म्हणाले. "ते घरचं आहे."